हे चीवर कुठे अडकले आहे?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही दोन शब्द बोलावयास उभे आहोत. समितीने आम्हास विषय दिलेला नाही. "काहीही बोला, पण वीस मिनिटांत आटपा," एवढीच अट घातली आहे. आमचा स्वभाव मंडळींना ठाऊक असल्याने ही अट घालणे भागच होते. मोर्चा, आरक्षण, गिरणी कामगारांची घरे यांवर आम्ही दरवर्षी बोलतो आणि पुढेही बोलू. आज मात्र आम्ही कापडाच्या चुण्यांवर बोलणार आहोत. म्हणजे अंगावरच्या कपड्याला ज्या चुण्या पडतात, त्या चित्रात कशा काढायच्या, आणि त्या काढायला आम्हाला एवढी वर्षे का लागली, यावर. हसू नका. हसायला पुढे जागा आहेत.

मूर्तीच्या मागच्या भिंतीवरचा फलक आपण सगळे रोज पाहता. सहा बाय चार फूट प्लायवूड, त्यावर ऑईल पेंट. तो आम्ही २००३ सालच्या बुद्ध पौर्णिमेला रंगवला. तथागतांचा चेहरा बरा उतरला आहे असे लोक म्हणतात, आणि आमचेही मत फार वेगळे नाही. पण त्या फलकात एक ढोबळ चूक आहे. ती वीस वर्षे इथे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे आणि आज ती आम्ही स्वतःच्या तोंडाने सांगणार आहोत.

आधी आमचे थोडे सांगावे लागेल. आम्ही १९९० साली गिरणीत बदली म्हणून लागलो आणि पुढे फोल्डिंग खात्यात कायम झालो. विणून, धुऊन, खळ देऊन आलेले कापड यंत्रावर मीटर-मीटरची घडी पडून खाली येई. ते मोजायचे, तपासायचे, शिक्का मारायचा आणि गाठीला द्यायचे, हे आमचे काम. आता गिरणी बंद आहे, तो विषय आजचा नाही. सांगायचे ते एवढेच की, त्या खात्यात चुणी ही आमची वैरीण होती. कापडाला चुणी बसली की माल सेकंडला गेला आणि मुकादम डोक्यावर आला. ज्या चुणीला हाताने सपाट करण्याचा आम्ही पगार घेतला, तिलाच कागदावर काढायला शिकायची वेळ आमच्यावर आली.

चित्रकलेचे शिक्षण म्हणाल तर शून्य. जयंतीचे बॅनर, भिंतीवरच्या घोषणा, मंडळाचे बोर्ड, एवढ्यावर हात बसला. फलकासाठी आम्ही दोन कॅलेंडरे समोर ठेवली. एकातले बसलेले तथागत आवडले, त्यात उजवा खांदा उघडा होता. दुसऱ्यातल्या चीवराच्या चुण्या आवडल्या, छातीवर एकाखाली एक अर्धगोल, जणू पाण्यातले तरंग. पण त्या चित्रात दोन्ही खांदे झाकलेले होते. आम्ही पहिल्याचे शरीर घेतले, दुसऱ्याच्या चुण्या घेतल्या आणि झोकात रंगवून टाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, समितीने शाल दिली.

त्याच वर्षी वर्षावासात एक भन्ते प्रवचनाला येत असत. एके संध्याकाळी सगळे गेल्यावर ते फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. आम्ही कौतुकाची वाट पाहत बाजूला हात जोडून उभे. ते म्हणाले, "उपासक, हे चीवर कुठे अडकले आहे?"

आम्हाला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःचे चीवर आधी दोन्ही खांद्यांवर घेतले, भिक्षू गावात जाताना घेतात तसे. "आता छातीवर बघा," म्हणाले. कापड दोन खांद्यांवरून टांगलेले, मध्ये झोळी पडली होती. तेच तुमचे अर्धगोल तरंग. मग त्यांनी उजवा खांदा मोकळा केला, वंदनेच्या वेळी करतात तसा. झोळी गेली! सगळ्या चुण्या डाव्या खांद्यापासून निघून तिरप्या खाली, उजव्या काखेकडे आणि कमरेकडे धावू लागल्या. भन्ते हसून म्हणाले, "तुमच्या चित्रात उजवा खांदा उघडा, आणि छातीवर झोळी. ती उजव्या अंगाला कशाला टांगली आहे?"

मंडळी, त्या रात्री आम्ही जेवलो नाही. तेरा वर्षे कापडात काम केलेला माणूस आणि कापड कुठे टांगले आहे एवढे त्याला दिसू नये!

दुसऱ्या दिवसापासून शिकायला सुरुवात केली. दहा बाय बाराची खोली, भिंतीत एक खिळा, एक जुने मलमलचे धोतर आणि एक बल्ब. धोतराचा एक कोपरा खिळ्याला अडकवला आणि समोर बसलो. पहिले आठ दिवस नुसत्या रेघोट्या झाल्या. दिसेल ती रेघ ओढायची, आणि चित्र पाहिले तर झाडाची मुळे. नंतर कळले की चुणी ही रेघ नाहीच. ती नळी आहे. तिला उजेडाची बाजू आहे, सावलीची बाजू आहे आणि शेजारच्या खोलगट भागावर तिची पडछाया आहे. शिवाय सावलीच्या अगदी कडेला शेजारच्या कापडाचा उजेड उलटून येतो आणि एक फिकट पट्टी उमटते. ती पट्टी सोडली नाही तर नळी चपटी दिसते. ही पट्टी दिसायला आम्हाला दोन महिने लागले. डोळे अर्धवट मिटून पाहिले की बारीकसारीक गोष्टी पुसल्या जातात आणि उजेड, मधला रंग, सावली असे तीनच भाग उरतात. आधी तेवढेच काढायचे.

एका खिळ्यावर कापड टांगले की सगळ्या चुण्या खिळ्यातून निघतात आणि खाली जाता जाता रुंदावतात. दोन खिळ्यांवर टांगले की मध्ये झोळी. दोन खिळे जवळ आणले की झोळी खोल होते, आणि डावीकडची चुणी व उजवीकडची चुणी मध्यभागी एकमेकींत दात बसावेत तशा बसतात, सरळ भेटत नाहीत. कापड जमिनीला टेकले की नळी मोडते आणि दिशा बदलते. गुडघा किंवा कोपर वाकले की बाहेरच्या अंगाला कापड ताणून गुळगुळीत होते आणि आतल्या अंगाला सगळा गोळा जमतो. म्हणून पेन्सिल टेकवण्याआधी विचारायचे ते भन्तेंनी विचारले तेच: हे अडकले कुठे आहे? तो बिंदू सापडला की निम्मे चित्र झाले. आम्ही ताणा-बाण्यातली माणसे, आम्हाला एक गोष्ट मात्र लवकर कळली. उभ्या किंवा आडव्या धाग्यात टांगलेले कापड ताठ पडते, पण कोपऱ्यावरून, तिरक्या अंगाने टांगले की तेच कापड लोण्यासारखे ओघळते. हे चित्रकलेच्या पुस्तकात वाचायच्या आधी आमच्या हातांना ठाऊक होते.

आमची आई तेव्हा हयात होती. ती दारात बसून हा उद्योग बघायची. तिला अक्षर येत नव्हते, पण आपल्या भाषेत ज्याला आम्ही सरसकट 'घडी' म्हणत होतो, त्याला तिच्याकडे चार नावे होती. पेटीतल्या लुगड्याची ती घडी, नेसताना पोटाशी खोचायच्या त्या निऱ्या, अंगावर पडतात त्या चुण्या, आणि बसून-उठून होतात त्या सुरकुत्या. घडी आणि निरी माणूस घालतो, चुणी कापड स्वतः पाडते, सुरकुती अंगाची राहते. तिने असे शब्दांत मांडले नव्हते, पण ती चुकूनही एकाच्या जागी दुसरा शब्द वापरत नसे. महिला मंडळाने माना डोलावल्या, म्हणजे आम्ही बरोबर आहोत!

एकदा तिचे नऊवारी दोरीवरून काढून खुर्चीवर टाकले आणि बसलेली बाई म्हणून रंगवले. चुण्या झकास जमल्या होत्या. आईने चित्र हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाली, "ह्या लुगड्यात बाई कोन हाय रं? मला तर कुनी दिसंना."

खरेच आत कोणी नव्हते. तेव्हापासून आम्ही आधी आतले माणूस हलक्या पेन्सिलीने काढतो. खांदे, कंबर, गुडघे कुठे आहेत ते ठरवतो. मग वरून कापड घालतो. मांडीच्या गोलाईवर चुणी वळते, पोकळ जागेवर लोंबते. जिथे आत हाड आहे तिथे कापड उजळते.

फूटपाथवर एक जुने फाटके पुस्तक मिळाले, त्यात इटलीचा चित्रकार लिओनार्दो दा विंची तरुणपणी चुण्या कशा शिकला ते होते. तो मातीची बाहुली करायचा, चिखलात-प्लास्टरात भिजवलेल्या चिंध्या तिच्या अंगावर घालायचा, त्या वाळल्या की हलत नसत, आणि मग तासन् तास बसून त्यांचे चित्र काढायचा. तेही कागदावर नव्हे, तलम तागाच्या कापडावर, कुंचल्याने, काळ्या-पांढऱ्यात. त्यातली काही चित्रे पॅरिसच्या संग्रहालयात आजही आहेत. साडेपाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही म्हटले, आपणही करू. प्लास्टर ऑफ पॅरिस आणले, धोतराचा तुकडा बुडवला आणि उलट्या कळशीवर घातला. तो वाळून दगड झाला आणि चार महिने फळीवर राहिला. आमची मुले रात्री त्याला भ्यायची. सौ.ने कळशी परत मागितली तेव्हा तो फोडावा लागला. तोपर्यंत त्याची एकोणीस चित्रे झाली होती.

मग आम्ही मूर्ती बघत हिंडू लागलो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गांधार शैलीची शिल्पे आहेत, ती बघा. गांधार म्हणजे पेशावर, तक्षशिलेकडचा थंड मुलूख, ग्रीक-रोमन कारागिरीची छाप असलेला. तिथल्या तथागतांचे चीवर जाड, चुण्या खोल, बोट आत जाईल अशा. मथुरेच्या गुप्तकाळातल्या मूर्तींत त्याच चुण्या सुतासारख्या बारीक होतात, अंगावर दोऱ्या ठेवल्यागत. आणि सारनाथला, पाचव्या शतकातल्या धम्मचक्र प्रवर्तनाच्या मूर्तीत, चुण्या जवळजवळ नाहीतच! गळ्याशी एक काठ, मनगटाशी एक काठ, आणि मांडी घातलेल्या पायांखाली आसनावर पसरलेला पंख्यासारखा छोटा निऱ्यांचा झुबका. एवढ्यावर चीवर आहे हे कळते. फोल्डिंग खात्यातला माणूस हे वेगळ्या भाषेत सांगेल. गांधारचे सूत वीस नंबरचे, सारनाथचे शंभरच्या वरचे!

लांब जायला नको असेल तर बोरिवलीला कान्हेरी आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना तथागतांच्या उभ्या मूर्ती आहेत, सुमारे सात मीटर उंच. सहलीला जातो तेव्हा आपण तिथे फोटो काढतो आणि डबे उघडतो. पुढच्या वेळी पायांकडे बघा. कापड अंगाला इतके चिकटले आहे की ते आहे की नाही असा प्रश्न पडतो, आणि खाली काठ दिसतो तेव्हा उत्तर मिळते. त्या कारागिराने छिन्नीने काय काय काढले यापेक्षा काय काय गाळले हे आम्ही तासभर बघत होतो. अजिंठ्याच्या चित्रांत आणखी एक युक्ती आहे. तिथे पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे आहेत. पट्टा मांडीवरून वळला की मांडी गोल दिसते, सावली घालायची गरजच नाही. आपल्या साड्यांचे काठ हेच करतात.

चीवराबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण चित्र काढणारे ती विसरतात. चीवर हे सलग ठाणातून फाडलेले कापड नाही. विनयात महावग्गात असे येते की, मगधातली बांधबंदिस्ती केलेली भातखाचरे दाखवून तथागतांनी आनंदाला विचारले, अशी चीवरे करता येतील का? आणि आनंदाने तुकडे जोडून तशी चीवरे करवली. म्हणून चीवरावर शेताच्या बांधांसारख्या शिवणी असतात. शिवणीपाशी कापड दुहेरी होते, तिथे चुणी एकदम वळत नाही, थोडी अडते. भन्ते समोर बसले आहेत, त्यांच्या चीवराकडे बघा. भन्ते, क्षमा असावी, आज सगळे तुमच्याकडेच बघणार आहेत.

आता कोणी म्हणेल, एवढा किस कशाला? चेहरा शांत दिसला, हात जोडले, झाले. आम्हाला तसे वाटत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ठामपणे मांडले आहे की, बुद्धाने स्वतःला देव म्हणवून घेतले नाही, तो मार्ग दाखवणारा आहे, मोक्ष देणारा नव्हे. आणि आम्ही चित्रे कशी काढतो? डोक्यामागे झगझगीत चक्र, ढगांवर आसन, अंगावर वजन नसलेले कापड. त्या कापडात गुडघा नाही, खांदा नाही. आईच्या भाषेत, आत कोणी दिसत नाही. जो माणूस पंचेचाळीस वर्षे पायी गावोगाव हिंडला, त्याच्या गुडघ्यावर चीवर ताणलेले दिसायला नको?

बाबासाहेबांच्या कोटाचेही तेच. चौकाचौकात आम्हीच रंगवलेली चित्रे आहेत, निळा कोट पत्र्याचा केल्यागत. संसदेच्या आवारातला १९६७ सालचा पुतळा शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी केला. एक हात पुढे, दुसऱ्या हातात संविधान. हात पुढे झाला की काखेतून ताण सुटतो आणि चुण्या तिथून खांद्याकडे, छातीकडे पसरतात. पुस्तक धरलेल्या हाताचे कोपर वाकले की बाहीचा गोळा आतल्या बाजूला जमतो. सुटाचे लोकरी कापड जाड, त्याला चुण्या थोड्या आणि मोठ्या. मलमलच्या बारीक चुण्या कोटावर काढल्या तर तो कोट धुऊन पिळल्यासारखा दिसतो. हा गुन्हा आम्ही किमान दहा भिंतींवर केला आहे. कोणत्या ते सांगणार नाही, जयंतीला बघून ओळखा.

आई २०१६ साली गेली. तिची लुगडी बहिणींनी वाटून घेतली, एक आमच्याकडे राहिले. शेवटच्या दिवसांत तिने नेसलेले, तसेच काढून ठेवलेले. आम्ही ते धुतले नाही. त्याला घडीही घातली नाही. तीस वर्षे हात जाईल तिथे घडी घालणारा माणूस, पण तिथे हात गेला नाही. कासोटा खोचायची जागा, बसताना गुडघ्यामागे पडायची सुरकुती, कमरेचा पीळ, सगळे त्यात होते. आम्ही ते खिळ्याला न टांगता पलंगावर ठेवून काढले. सात-आठ चित्रे झाली. ती कोणाला दाखवली नाहीत. आतले माणूस आधी काढायचे हा नियम त्या वेळी पाळता आला नाही, पेन्सिल तिथे चालेना. नुसत्या सुरकुत्या काढल्या. सौ.ने मात्र एक चित्र पाहिले आणि म्हणाली, "आत्याबाई उजव्या कुशीवर आहेत." आम्ही काही बोललो नाही. ती शेवटी उजव्या कुशीवरच झोपायची.

असो. आता फलकाकडे येतो.

चूक कळल्यापासून आम्ही समितीकडे तीनदा परवानगी मागितली की, चीवर खरवडून पुन्हा रंगवतो. तिन्ही वेळा नकार आला. "लोकांनी ज्याच्यासमोर वंदना केली त्याला हात लावू नका," असे म्हणणे पडले. आम्हाला तेव्हा राग आला होता. या वर्षी समितीनेच सांगितले की, फलक जुना झाला, उतरवू आणि छान डिजिटल फ्लेक्स लावू. तेव्हाही आम्हाला राग आला! बायकामंडळी हसतात, पण आमचा राग दोन्ही वेळा खरा होता.

गेल्या वर्षापासून आम्ही विहारात रविवारी मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेतो. काही मुले एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसतात. तिथे मांडणीत भांड्यामागे कापड टाकलेले असते आणि मुले भांडे काढून कापड सोडून देतात. पालक विचारतात, दहावीला गुण मिळतात का? मिळतात, म्हणून सांगतो, पण वर्ग त्यासाठी नाही. आम्ही मुलांना पहिले दोन महिने फक्त खिळा आणि धोतर देतो. कंटाळून निम्मी पळाली. उरलेल्यांत सातवीतली एक मुलगी आहे, नाव घेत नाही, ती लाजेल. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती धोतर सोडून फलकाकडे बघत बसली. आम्ही विचारले, काय गं? ती म्हणाली, "काका, बुद्धांचा हा खांदा उघडा आहे ना? मग ही झोळी इकडे कशाला टांगली आहे?"

वीस वर्षांत हजारो लोकांनी तो फलक पाहिला. भन्तेंनंतर ही दुसरी. आम्ही तिला म्हटले, ज्याने काढले त्यालाच विचार. तर म्हणते, "कोणी काढलंय?" आम्ही सांगितले. ती घाबरली, मग आम्ही हसलो तेव्हा हसली. त्याच दिवशी तिने फलकावरून नवे चित्र काढले. चेहरा आमचाच, पण चुण्या डाव्या खांद्यातून निघून तिरप्या काखेखाली जाणाऱ्या. चेहरा तिला जमला नाही. चीवर जमले आहे. ते चित्र आज बाहेर दाराशी लावले आहे, जाताना बघा.

तेव्हा समितीला आमची आता उलटी विनंती आहे. फलक उतरवू नका, आणि आम्हाला दुरुस्तही करू देऊ नका. तो आहे तिथे असू द्या. वर्गातल्या पुढच्या मुलांना तो लागेल. फ्लेक्स लावायचाच तर बाहेर कमानीला लावा.

वीस मिनिटे झाली, अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. वर्ग रविवारी सकाळी दहाला, याच सभागृहात. कागद-पेन्सिल आम्ही देतो. ज्यांना यायचे त्यांनी घरून एक जुने सुती कापड आणावे. धोतर, साडीचा तुकडा, ओढणी, काहीही चालेल. टेरिकॉट नको, ते उसळते, त्याला चुणी बसत नाही. धुऊन आणा, पण इस्त्री करू नका. मोठ्या माणसांनाही बंदी नाही.

जयभीम, नमो बुद्धाय.